पाणीचोराच्या घरी

कोल्हापूर

कोल्हापूरला माणसं देवीला जातात, नाहीतर जेवायला जातात. मी गेले ती दुभाषी म्हणून. जन्म खानदेशात, संसार पुण्यात आणि आयुष्य कॉलेजातल्या मुलांकडून फ्रेंच क्रियापदं घोकून घेण्यात गेलेलं. कोल्हापूरशी माझा संबंध पायातल्या चपलेपुरता. दोन हजार दोनच्या जानेवारीत आंद्रे नावाचे एक फ्रेंच गृहस्थ आमच्या दारात येऊन उभे राहिले. वय शहात्तर, रेल्वेतून इंजिनियर म्हणून निवृत्त, हृदयाचं मोठं ऑपरेशन झालेलं आणि डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलेलं. त्यांना कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका कुटुंबाला भेटायचं होतं आणि मराठीचा म येत नव्हता. कशासाठी भेटायचं ते गाडीत सांगतो म्हणाले, आणि गाडीत बसल्याबरोबर झोपून गेले.

आमची उतरायची सोय शिवाजी पेठेत, माझ्या एका विद्यार्थिनीच्या माहेरी होती. वरच्या मजल्यावरची खोली, खाली घड्याळ दुरुस्तीचं दुकान, समोर तालीम. संध्याकाळी गल्लीत पोरांचे दोन गट फुटबॉलच्या मॅचवरून असे भांडत होते की मला वाटलं आता डोकी फुटणार. विद्यार्थिनीची आई शांतपणे म्हणाली, "भांडण न्हाय ते. बोलत्यात." आमच्याकडे खानदेशातही माणसं मोठ्यानं बोलतात, पण मध्ये श्वास तरी घेतात.

जेवायला कोपऱ्यावरच्या खाणावळीत गेलो. तांबडा रस्सा मी आंद्रेंपासून लांब सरकवला, त्यांच्या हृदयाची जबाबदारी माझ्यावर होती. त्यांनी पांढऱ्यावर ताव मारला. आपली आई आजारपणात असंच काहीतरी करून द्यायची, पण त्याला चव नसायची असं म्हणाले. वाढणारा दर वेळी "घ्या की पावणं" म्हणत वाटी भरून जाई आणि आंद्रे प्रत्येक वेळी उभं राहून त्याचे आभार मानत. शेवटी आजूबाजूची माणसं जेवण थांबवून ही गंमत बघायला लागली.

खोलीवर परतल्यावर त्यांनी मला त्यांच्या आजोबांचं आयुष्य सांगितलं. इथे थोडक्यात देते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

आजोबा एका लहान गावातल्या सुताराचा मुलगा. रंधा मारायचा कंटाळा म्हणून अठराव्या वर्षी सैन्यात गेला. फ्रान्सच्या वसाहती तेव्हा वाढत होत्या आणि अशा पोरांना पाठवायला जागा भरपूर होत्या. व्हिएतनामकडच्या तोंकिनमध्ये तापानं मरता मरता वाचला, सेनेगलमध्ये खांद्यात गोळी लागली, चढत चढत कॅप्टन झाला आणि तांबड्या समुद्राच्या पलीकडच्या किनाऱ्यावर एका ठाण्यात जाऊन पडला. तिथून आत, हबशांच्या मुलुखाच्या, म्हणजे इथिओपियाच्या, वाटेवर मिठाचं एक मोठं वाळवंट होतं. नकाशावर त्या जागी नुसता कोरा कागद. कॅप्टननं ते पार करायचं ठरवलं. माणसं आणि उंट घेऊन गेला आणि परत आला तेव्हा एकटा होता. त्यानं पुस्तक लिहिलं, त्याला पदक मिळालं, गावातल्या एका रस्त्याला त्याचं नाव दिलं आणि चौकात त्याचा अर्धपुतळा बसवला.

"त्या पुस्तकात शेवटच्या टप्प्याचं वर्णन आहे," आंद्रे म्हणाले. "आजोबांचा पाय सडला होता. बरोबर एकच माणूस उरला होता, त्यांचा हिंदुस्थानी नोकर गोंदनाक. पुस्तकात लिहिलंय की हा गोंदनाक पाण्याची एकुलती एक पखाल घेऊन पळून गेला आणि कॅप्टन सरपटत किनाऱ्याला पोचला. आमच्याकडे शाळेत मुलांना हा उतारा वाचून दाखवायचे. आमच्या भागात गावांची नावं अशीच 'आक'वर संपतात, त्यामुळे मुलांना वाटायचं की चोर शेजारच्याच गावचा असणार."

हसू आलं असतं, पण त्यांचा चेहरा हसण्यासारखा नव्हता.

"मी बारा वर्षांचा असताना, मरायच्या थोडं आधी, आजोबा मला म्हणाले, तो पळाला नाही. तो मेला. पाणी माझ्यापाशी होतं."

हे आणि त्याच वेळी आजोबांनी सांगितलेलं बाकीचं सगळं आंद्रेंनी जन्मभर पोटात ठेवलं होतं. वडिलांना सांगितलं असतं तर मार बसला असता. पुढे नोकरी, लग्न, मुलं यात राहून गेलं. ऑपरेशनच्या टेबलावर जाताना त्यांना बायकोमुलं आठवण्याऐवजी हा गोंदनाक आठवला. त्याचं गाव शिरोळच्या बाजूला, कृष्णेच्या काठी आहे, एवढं आजोबांनी सांगितलं होतं. पुण्यातल्या एका ओळखीच्या पत्रकारानं पेपरात चार ओळी छापल्या आणि त्या वाचून एका माणसानं फोन केला. उद्या त्यालाच भेटायचं होतं.

"त्या घरात कुणी जिवंत असेल तर त्याला हे माझ्या तोंडून कळलं पाहिजे. म्हणजे तुमच्या तोंडून," ते म्हणाले आणि दिवा मालवायला सांगितला.

बिद्री

फोन करणारे सुनील कांबळे बिद्रीला साखर कारखान्यात होते, उसाचा रस तपासायच्या प्रयोगशाळेत. गाळपाचा हंगाम ऐन भरात, त्यामुळे रस्ता आमचा नव्हता, उसाचा होता. एका वळणावर ट्रॉली कलंडून ऊस आडवा पसरला होता आणि दोन्ही बाजूंना ट्रॅक्टर अडकले होते. ड्रायव्हर लोक खाली उतरून गप्पा मारत होते. कुणालाही घाई नव्हती. एकानं आंद्रेंच्या हातात सोललेलं कांडं दिलं. त्यांनी भक्तिभावानं दात लावला आणि वरचा एक बसवलेला दात कांड्यात राहिला. तो रुमालात बांधून आम्ही पुढे निघालो. त्यानंतर प्रवासभर आंद्रेंच्या प्रत्येक 'स'मधून शीळ निघत होती. मला त्यांचं फ्रेंच दोनदा ऐकून घ्यावं लागे, आणि पुढे ज्या गोष्टी ऐकायच्या होत्या त्या एकदा ऐकणंही जड होतं.

कारखान्याच्या आवारात सगळीकडे मळीचा आंबूस गोड वास होता. सुनील कांबळे फाटकापाशीच उभे होते. पन्नाशीला टेकलेले, इस्त्रीचा शर्ट, कमी बोलणारे. गोंदनाक त्यांचे पणजोबा. चहाच्या टपरीवर बसल्यावर त्यांनी आंद्रेंकडे न बघता मला विचारलं, "ह्यास्नी काय सांगायचं हाय? पणजा सायबाचं पाणी घिऊन पळाला, ह्येच न्हवं? त्ये आमास्नी ठावं हाय."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पलटणीतला एकजण एडनहून परत आलता त्या वक्ताला. त्यानं गावात सांगितलं. तवापास्नं आमच्या घराला पाणीचोराचं घर म्हणत्यात." चहा संपवून त्यांनी कप खाली ठेवला. "मी शाळेत पाण्याच्या टाकीपाशी गेलो की पोरं म्हणायची, ये चोरू नगंस. आत्तीचं ठरल्यालं लगीन ह्यापायी मोडलं. मॅडम, आमच्या माणसास्नी पाण्याला हात लावायची बंदी हुती त्या काळात. त्यात पाणीचोर. म्हंजे बगा."

मी आंद्रेंना सांगितलं. त्यांनी विचारलं की आत्या हयात आहेत का. होत्या. पंच्याऐंशीच्या, शिरोळजवळच्या वस्तीवर, धाकट्या नातवाकडे. सुनीलच्या वडिलांची थोरली बहीण, म्हणजे गोंदनाकची सख्खी नात. आजीच्या मांडीवर वाढलेली.

"मग मी पहिल्यांदा त्यांनाच सांगेन," आंद्रे म्हणाले.

सुनील बाकावर माझ्याकडे सरकले. मग मला म्हणाले, "आत्तीचं काळीज नाजूक झालंय. वाईट काय असंल तर तुमच्या तुमी गाळा. त्यो काय बोलतोय त्ये आमास्नी कुठं कळतंय?"

मी काहीच वचन दिलं नाही. खरं सांगायचं तर मला स्वतःलाच ती हकीकत अजून पुरती माहीत नव्हती.

शिरोळच्या बाजूला

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनीलना घेऊन निघालो. कोल्हापूर सोडल्यावर जमीन सपाट आणि काळी होत जाते आणि दोन्ही बाजूंनी उसाच्या भिंती उभ्या राहतात. आमच्या तापीकाठच्या केळीच्या बागांतून निदान आकाश दिसतं. इथे रस्ता म्हणजे हिरवी बोळकांडी. कृष्णा दिसली ती अचानक, एका पुलावरून, थंडीतली, अंग चोरून वाहणारी. वस्तीवरच्या घरांच्या भिंतींवर मात्र डोक्याच्या वर पुराच्या रेघा होत्या. ही नदी भिंतीवर चढते हे बघितल्याशिवाय खरं वाटलं नसतं.

सुनीलच्या आत्यांना सगळी वस्ती आक्काताई म्हणते. कानडी मुलूख हाकेवर आहे, थोरल्या बहिणीला इकडे आक्काच म्हणतात. विटांचं नवं घर, बाहेरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, तिच्यापुढे झेंडूची दोन फुलं. आक्काताई खाटेवर पाय दुमडून बसल्या होत्या. अंगानं मूठभर, एका डोळ्यात मोतीबिंदू, आणि आवाज असा की गल्लीतली कोंबडी बाजूला व्हावीत.

"बसा की पावणं. लांबनं आलाय," त्या म्हणाल्या. आंद्रे बसले, मी मध्ये बसले. मी सुरुवात करणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला. "आदी खूण सांगा. गोंदनाक नावाची माणसं तवा पायलीला पन्नास हुती. ह्यो माजाच आजा कशावरनं?"

मी विचारलं. आंद्रेंनी आपल्या वरच्या ओठावर बोट ठेवलं. त्यांचे आजोबा सांगत की गोंदनाकचा ओठ फाटून वेडावाकडा जुळला होता, त्यामुळे तो नेहमी जरासा हसतोय असं वाटायचं.

"डाव्या अंगाला?" आक्काताईंनी विचारलं.

"डावीकडे."

त्यांनी पदर सारखा केला. आक्काताईंनी आपल्या आजोबांना पाहिलेलं नव्हतं. गोंदनाक पलटणीबरोबर एडनला गेला तेव्हा त्यांचे वडील आजीच्या पोटात होते. पण आजीनं तो ओठ इतक्या वेळा सांगितला होता की तो त्यांच्या ओळखीचा होता. पलटणीत अस्पृश्य मानलेल्या जातींच्या माणसांची भरती बंद झाली, गोंदनाकला एडनला असताना काढून टाकलं, आणि गावी रिकाम्या हातानं यायचं नाही म्हणून त्यानं समुद्रापलीकडच्या फ्रेंच साहेबाची चाकरी धरली, एवढं घरात माहीत होतं.

"आता सांगा. पाणी घिऊन पळाला का न्हाय?"

"नाही," मी म्हटलं.

"आं?"

"पळाले नाहीत," मी मोठ्यानं म्हटलं. दाराला टेकलेले सुनील खाली बसले.

मग आंद्रे बोलत गेले, थांबत गेले, आणि मी त्यांच्यामागून मराठीत आणत गेले. सुनीलचं कालचं सांगणं माझ्या लक्षात होतं, पण गाळायचं कुठून हेच मला कळेना. मिठाच्या खपल्यांनी कॅप्टनचा पाय कापला आणि सडला. उंट मेले. सोबतची माणसं एकेक करून निघून गेली. उरले दोघं आणि एक पखाल. गोंदनाकनं कॅप्टनला पाठुंगळी घेतलं आणि तो किनाऱ्याकडे चालायला लागला. पांढरं मीठ, वर ऊन, सावलीला झुडूपसुद्धा नाही. कॅप्टनजवळ पत्र्याचा एक कप होता. गोंदनाक तो भरून आधी कॅप्टनला पाजायचा. स्वतःची वेळ आली की पखाल काखेत दाबायचा, ओंजळ धरायचा आणि वरून ओंजळीत पाणी सोडायचा. त्यातलं निम्मं बोटांमधून मिठात जायचं.

"आजोबा त्याला म्हणाले, कप घे. तो मागे सरकला आणि त्यानं हात जोडले. दर वेळी हेच. आजोबांच्या अंगात ताप होता. हिंदू लोकांना आमचा विटाळ होतो हे त्यांनी ऐकलं होतं. त्यांना वाटलं, मी गाईचं मांस खाणारा, म्हणून हा माझ्या कपाला तोंड लावत नाही. माझ्याच पाण्यावर जगतो आणि मला घाणेरडा समजतो. त्यांचा संताप झाला. पखाल त्यांनी स्वतःच्या कमरेला बांधली आणि सांगितलं, प्यायचं तर कपानं पी, नाहीतर पिऊ नकोस."

"मग?" आक्काताई म्हणाल्या.

"त्यानं आजोबांना पुन्हा पाठीवर घेतलं. तसाच चालला. दुसऱ्या का तिसऱ्या संध्याकाळी पडला. रात्री आजोबांना पश्चात्ताप झाला. त्यांनी कप भरून त्याच्या उशाशी ठेवला, त्याला हलवून सांगितलं, पी. सकाळी तो मेलेला होता. कप भरलेला तसाच होता."

मी हे कसं सांगितलं ते मला आठवत नाही. आक्काताई माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"पाणी हुतं?"

"होतं."

"उशाला?"

"उशाला."

"आन प्याला न्हाय."

इतकी वर्षं जे विचारायचं होतं ते आंद्रेंनी आता विचारलं, पडलेल्या दाताच्या फटीतून शीळ घालत, "त्यांना विचारा, त्याचा धर्म इतका कडक होता का? मरतानासुद्धा त्याला माझ्या आजोबांचा इतका विटाळ वाटत होता?"

मला उत्तर माहीत होतं. आमच्या खानदेशातल्या घरी अंगणाच्या कोपऱ्यात एक गडू वेगळा उपडा ठेवलेला असे, आणि माझी आजी त्यातून कुणाकुणाच्या ओंजळीत वरून पाणी ओतत असे. धार कधी बोटांना लागली नाही याचा तिला अभिमान होता. तो प्रश्न मराठीत करू नये असं वाटलं. तरी केला.

"विटाळ?" आक्काताई म्हणाल्या. "सायबाचा विटाळ त्येला कुठला व्हायला, बाई. त्येचा विटाळ सायबाला हुईल म्हनून भ्याला त्यो." त्यांनी आता स्वतःच्या ओठाला बोट लावलं. "ह्यो व्हट कशानं फाटलाता ठावं हाय? ल्हान हुता. बाजारात तान लागली म्हनून कुणाच्या तरी तांब्याला तोंड लावलं. त्योच तांब्या तोंडावर हाणला. मग त्येच्या आयनं त्येला शिकवलं. वंजळ धरायची. दुसऱ्याच्या भांड्याला शिवायचं न्हाय. मरंस्तवर न्हाय." त्यांनी बोट खाली घेतलं. "त्यानं मरंस्तवर पाळलं."

मी आंद्रेंना सांगितलं. त्यांना पहिल्यांदा कळलंच नाही. मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं, कोण कुणाला बाटवतं, भांडं कुणामुळे विटाळतं, सगळं. फ्रेंचमध्ये त्याला नीट शब्द नाहीत, आणि शब्द शोधताना मला स्वतःची लाज वाटत होती.

"म्हणजे त्याला वाटलं की त्याच्यामुळे कप घाण होईल," ते म्हणाले.

"हो."

"आणि आजोबांना वाटलं की त्यांच्यामुळे."

"हो."

शहात्तर वर्षांचा तो माणूस मग लहान मुलासारखा रडला. सुनील उठून बाहेर गेले आणि अंगणात पाठमोरे उभे राहिले. आक्काताईंच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्या जमिनीकडे बघत बोलत होत्या, आमच्याशी नाही.

"माजी आजी जलमभर कुकू लावायची. न्हवरा मेल्याचं कुणी सांगितलं न्हाय, मग पुसायचं कशानं? बाया तोंडावर म्हणायच्या, चोराचं कुकू लावतीस. मेली तवा मीच तिला मळवट भरला, हिरवं नेसवलं. चोराची अहेव म्हनून गेली ती. इमानी माणसाची रांडाव म्हनून जगली असती तर सुकानं मेली असती."

हे वाक्य मी आंद्रेंसाठी भाषांतरित केलं. सुनीलनी गाळायला सांगितलं होतं ते आंद्रेंचं बोलणं होतं, हे नाही.

नातसुनेनं चहा आणला, भाकरी आणि वांग्याचं कालवण केलं. आम्ही जेवलो, कारण नाही म्हणणं शक्य नव्हतं. जेवण उत्तम होतं आणि मला त्याची चव आठवत नाही. निघताना आंद्रे म्हणाले की गावातल्या त्या पुतळ्याखाली गोंदनाकच्या नावाची पाटी बसवल्याशिवाय आपण मरणार नाही. पाटीवर काय लिहायचं ते आक्काताईंनी सांगावं.

त्यांनी विचार करायला अजिबात वेळ घेतला नाही. "नाव लिवा. आन लिवा, ह्येनं पाणी चोरलं न्हाय. बास. दुसरं काय बी लिवू नगा."

आंद्रेंनी ते माझ्याकडून फ्रेंचमध्ये तीनदा म्हणवून घेतलं, आणि परत येताना गाडीत ते स्वतःशी पुटपुटत होते.

पुणे

पावसाळा संपत आला तेव्हा आंद्रेंचा फोन आला. दात बसवलेला असावा, शीळ येत नव्हती, पण आवाज खूप थकलेला होता. नगरपालिकेची बैठक झाली होती. कॅप्टनच्या पुस्तकात एक लिहिलेलं आणि त्याच्याच पुतळ्याखाली दुसरं, असं चौकात लावता येणार नाही, असं सभासदांचं म्हणणं पडलं. आंद्रे भांडले, तेव्हा मधला मार्ग निघाला. पाटी बसली होती, संगमरवरी, लहानशी. तिच्यावर लिहिलं होतं, 'गोंदनाक, कॅप्टनचा एकनिष्ठ सेवक'.

"काहीच नसण्यापेक्षा बरं," ते म्हणाले.

मी सुनीलना फोन केला. ते त्या दिवशी नेमके शिरोळला होते. फोन आक्काताईंनी हातातून ओढून घेतला.

"बसली पाटी?"

"बसली."

"काय लिवलंय?"

मी मराठीत सांगितलं.

"शेवक म्हंजे नोकरच न्हवं?"

"हो."

"आन पाण्याचं?"

"पाण्याचं नाही लिहिलं."

पलीकडे त्यांनी पाटीवरचे शब्द सुनीलना मोठ्यानं सांगितले. मला वाटलं फोन सुनीलकडे गेला. पण त्याच होत्या.

"मग काढून टाका म्हणावं ती," आक्काताई म्हणाल्या. "नाव आमचं हाय."

मी हे आंद्रेंना शब्द न बदलता सांगितलं. त्यांचं बरोबर आहे, असं ते म्हणाले. पाटी अजून तिथेच आहे.